स्त्रियांचे एक अबोल दुखणे : सामूहिक व्यायाम व आहार यांचा विचार

कला शाखेच्या वार्षिकात वैद्यकीय विषयावरील लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. ज्या दुखण्याचा येथे विचार करावयाचा आहे ते शरीराचे असले, तरी त्याला झाकून ठेवणारी गोष्ट सामाजिक आहे. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना नकळत लघवी होणे, अथवा लघवीची घाई होऊन मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच ती सुटणे, याला वैद्यकात मूत्र-असंयम म्हणतात. आपल्या घरांत त्याला नावच नाही. ज्याला नाव नाही ते सांगायचे कसे, आणि सांगितलेच नाही तर उपाय व्हायचा कसा?

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हे आग्रहाने मांडले होते. लाजेपोटी बायका पुरुष वैद्याला दुखणे सांगत नाहीत, हे त्या काळचे वास्तव होते. आज तालुक्याच्या गावी स्त्री-डॉक्टर आहेत, गावोगाव आशाताई आहेत. तरीही या एका दुखण्याबाबत तोंड उघडत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात दुखण्याचे स्वरूप, वाढत्या वजनाशी असलेला त्याचा संबंध, आणि बायकांनी मिळून करावयाचा व्यायाम व सुधारलेला आहार यांचा उपयोग, अशा क्रमाने विचार केला आहे. जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके नजरेसमोर ठेवले आहेत.

१. दुखण्याचे स्वरूप

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून पाठीमागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ती खालून आधार देते आणि लघवीची वाट आवळून धरण्यास मदत करते. सोयीसाठी या स्नायूंना आपण ‘तळस्नायू’ म्हणू. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी गेल्यानंतर त्यांचे बळ कमी होते. जुनाट खोकला, कायमची बद्धकोष्ठता आणि रोजची जड ओझी यांनीही त्यांच्यावर ताण पडतो.

या दुखण्याचे प्रामुख्याने दोन प्रकार आहेत. पहिल्यात पोटावर दाब आला की लघवी सुटते. खोकला, शिंक, उडी, हंडा उचलणे ही त्याची निमित्ते. दुसऱ्यात मूत्राशय अवेळी आकुंचन पावते, एकाएकी घाई होते आणि धीर धरवत नाही. पुष्कळ बायकांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. हा वयाचा अटळ भाग आहे ही समजूत चुकीची आहे. वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते हे खरे; पण बहुतेक बायकांना योग्य उपायांनी त्यात सुधारणा करून घेता येते, हेही तितकेच खरे.

२. वजनाचा संबंध

पोटावर साठलेल्या चरबीचा भार दिवसरात्र मूत्राशयावर व तळस्नायूंवर असतो. भरल्या पोत्यावर आणखी एक पोते ठेवले की खालच्या पोत्याची शिवण उसवू लागते, तसाच हा प्रकार. शिवाय लठ्ठपणाबरोबर मधुमेह येतो, आणि मधुमेहात लघवीचे प्रमाण वाढते.

वजन जास्त आहे की नाही हे ठरविण्याची रीत सोपी आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येणारा आकडा भारतीयांच्या बाबतीत २३ च्या वर गेला तर वजन जास्त, आणि २५ किंवा अधिक असेल तर लठ्ठपणा, असे आपल्याकडील तज्ज्ञ मानतात. उदाहरणार्थ, दीड मीटर उंचीच्या व ७० किलो वजनाच्या बाईचा आकडा ३१ येतो. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरहून अधिक असणे हीदेखील धोक्याची खूण होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २५ चीच मर्यादा धरून, अशा स्त्रियांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झाले. म्हणजे जवळजवळ दर चार बायकांत एक.

वजन उतरविल्याने लघवीवरचा ताबा खरोखर सुधारतो काय, याचा शोध अमेरिकेत घेण्यात आला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जास्त वजनाच्या ३३८ स्त्रिया होत्या. एका गटाला सहा महिने दर आठवड्याला दहा-पंधरा जणींच्या वर्गात आहार व व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. दुसऱ्या गटाला फक्त चार वेळा सर्वसाधारण माहिती देण्यात आली. घरी करावयाच्या उपायांची पुस्तिका मात्र दोन्ही गटांना दिली होती. पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ टक्के घटले आणि लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटात वजन १.६ टक्के आणि प्रसंग २८ टक्के कमी झाले. यातून दोन गोष्टी दिसतात. नुसत्या माहितीने व स्वतःकडे लक्ष दिल्यानेही काही फरक पडतो. आणि वजन उतरले तर तो बराच अधिक पडतो. आपल्या उदाहरणातील ७० किलोच्या बाईला ८ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास वजन कमी करावे लागेल. सडपातळ होण्याची अट येथे नाही, हे ध्यानात घ्यावे.

३. मौनाची किंमत

हे दुखणे जीव घेत नाही, म्हणून ते किरकोळ मानले जाते. पण ते बाईचे जगणे हळूहळू आखडून टाकते. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी सुरू झाली की एखादी काकू कडेला बसून राहते. ‘गुडघे दुखतात’ असे ती सांगते. एखादी मावशी एस.टी.च्या लांबच्या प्रवासाला नको म्हणते. भीमाशंकरला किंवा लेण्याद्रीला जायचे ठरले, की ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते’ हे उत्तर ठरलेले. ओल्या वस्त्राने देवाजवळ कसे जावे, या विचाराने काहीजणी देवळात जाणेही सोडतात. घरातल्यांना वाटते, आई आता थकली, तिला कशात रस उरला नाही.

याहून वाईट म्हणजे यावर बाई स्वतःच जो उपाय शोधते तो : पाणी पिणे कमी करणे. खुरपणीला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही. त्याने लघवी दाट होते, जळजळ होते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, शौचास खडा होतो आणि कुंथण्याने तळस्नायू आणखी सैल पडतात. ज्या त्रासासाठी पाणी तोडले तोच त्रास वाढतो.

स्त्रियांच्या दुखण्यांभोवतीचे मौन किती दाट असते हे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या अभ्यासाने जगाला दाखविले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. आणि त्यापूर्वी अशी तपासणी कधी करून घेतलेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तो अभ्यास लघवीच्या ताब्याविषयी नव्हता. परंतु बाई बोलत नाही म्हणून तिला काही होत नाही, असे समजू नये, हा त्याचा धडा येथेही लागू पडतो.

४. व्यायाम : कोणता आणि कसा

तळस्नायूंच्या व्यायामाचा आधुनिक वैद्यकात प्रसार झाला तो अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांच्या १९४८ मधील लेखनामुळे. आपल्या हठयोगातील मूलबंधाचे या व्यायामाशी साम्य आहे. उद्देश मात्र निराळा. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला, तोही आपल्याच पुणे जिल्ह्यात. तेव्हा ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही.

व्यायामाची रीत अशी :

(अ) प्रथम स्नायू ओळखावा. चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण जो भाग आत ओढून धरतो, तोच हा स्नायू. लघवी करता करता मध्येच थांबवून पाहण्याची सवय मात्र लावू नये.

(आ) मूत्राशय रिकामे करून बसावे किंवा उताणे पडावे. तो भाग आत व वर ओढून मनात पाचपर्यंत मोजावे. नंतर पाच मोजेपर्यंत पूर्ण सैल सोडावे. असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा करावे. जमू लागल्यावर दहा मोजेपर्यंत धरावे.

(इ) शेवटी झटपट आवळणे व सोडणे असे आठ-दहा वेळा करावे. अचानक येणाऱ्या शिंकेसाठी ही तयारी होय.

(ई) श्वास रोखू नये, मांड्या व नितंब आवळू नयेत, खाली जोर देऊ नये. खाली जोर दिल्यास उलटाच परिणाम होतो.

(उ) खोकण्यापूर्वी, शिंकण्यापूर्वी, हंडा उचलण्यापूर्वी स्नायू आवळून धरण्याची सवय करावी.

हा व्यायाम निदान तीन महिने नेमाने केला पाहिजे. आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणे हीच सर्वांत मोठी अडचण असते. २०१८ साली १४ देशांतील ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. दाबाने लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी हा व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी आपला त्रास गेल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. ज्या उपायाला औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही, त्याचे हे फळ आहे.

वजन कमी करण्यासाठी याच्या जोडीला भराभर चालणे हवे. आठवड्यास दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, हे किमान प्रमाण मानले जाते. ताबा सुधारेपर्यंत दोरीवरच्या उड्या, धावणे टाळावे.

‘आम्ही दिवसभर शेतात राबतो, आणखी व्यायाम कसला?’ हा प्रश्न रास्त आहे. टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट उचलणे, वाकून खुरपणे, पाणी वाहणे यांत श्रम आहेतच. परंतु त्या श्रमांत तळस्नायूंवर दाब पडतो. त्यांना बळ मिळत नाही. श्रम आणि व्यायाम यांतला फरक येथे आहे. उलट ज्या घरांत नळ, गिरणी व मोटारसायकल आली, तेथे बायकांचे चालणे घटले, आणि खाणे पूर्वीच्या श्रमांच्या मापाचेच राहिले.

५. एकट्याने की मिळून?

इतका खाजगी व्यायाम चारचौघींत कसा करायचा, असे वाटणे साहजिक आहे. पण हा व्यायाम बाहेरून दिसतच नाही. मांडी घालून बसलेल्या दहा बायकांपैकी कोण स्नायू आवळते आहे हे शेजारणीलाही कळत नाही. कॅनडात साठ वर्षे व त्यावरील ३६२ स्त्रियांवर झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या स्त्रियांना बारा आठवडे एकेकट्याने, तर निम्म्यांना आठ-आठ जणींच्या गटात हा व्यायाम शिकविला. वर्षानंतर लघवी सुटण्याचे प्रसंग पहिल्यांत ७० टक्के व दुसऱ्यांत ७४ टक्के कमी झालेले आढळले. म्हणजे गटात शिकविल्याने गुण कमी येत नाही. एका शिकविणाऱ्या ताईच्या एका तासात आठ जणींचे काम होते, आणि जेथे शिकविणारे थोडे तेथे हा मुद्दा फार मोलाचा.

गटाचा दुसरा लाभ आकड्यांत मोजता येण्यासारखा नाही. ‘मलाच असे होते’ ही समजूत पहिल्याच बैठकीत गळून पडते. एकीने धीर करून सांगितले की दुसरी सांगते. सुनेला सासूचे न बोललेले दुखणे उमगते. गावोगाव महिला बचत गट आहेत. महिन्याची वर्गणी जमा करण्यास बायका एकत्र येतातच. ओळख आहे, विश्वास आहे, हिशेब ठेवण्याची सवय आहे. त्याच बैठकीला अर्ध्या तासाचा व्यायाम जोडणे अवघड नाही. मात्र गटात बोललेले गटाबाहेर जाता कामा नये, आणि ‘लघवीच्या त्रासाचा वर्ग’ असे नाव देऊ नये. ‘स्त्री-आरोग्य व्यायाम वर्ग’ म्हटले, की कोणी कशासाठी आले याची चर्चा होत नाही.

६. आहार : आपल्या ताटाचा हिशेब

आहार म्हटला की बायकांना उपाशी राहणे आठवते. उपाशी राहून उतरलेले वजन पुन्हा चढते. येथे उपास नको, हिशेब हवा.

चहापासून आरंभ करू. दिवसातून पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, अर्थात १६० कॅलरी. तीन कप व एकेक चमचा केल्यास रोजच्या शंभराहून अधिक कॅलरी वाचतात. चहा कमी झाल्याने लघवीची घाईही काहीजणींत कमी होते, कारण त्यातील कॅफीन मूत्राशयाला चेतवते.

दुसरे तेल. बैठे किंवा मध्यम काम करणाऱ्या बाईला दिवसास २० ते ३० ग्रॅम तेल पुरते. माणशी हेच माप धरले, तर पाच माणसांच्या घरात महिन्याला तीन ते साडेचार किलो तेल पुरावे. आपल्या घरी किती डबे संपतात हे वाण्याच्या यादीवरून कोणासही काढता येईल.

तिसरे उपवास. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड यांनी उपवासाच्या दिवशीच पोटात सर्वाधिक पिष्ट व तेल जाते. त्याऐवजी भगर, राजगिरा, उकडलेले रताळे, ताक व फळे घेतल्यास उपवासही मोडत नाही.

चौथी गोष्ट घराच्या रीतीची आहे. बाई सर्वांच्या शेवटी जेवते, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेले संपविते. मुलांच्या ताटातले, कढईच्या तळाचे, सकाळची पोळी. त्यात भाजी-वरण संपलेले असते, उरतो तो भात. तिचे वजन वाढते आणि अंगात रक्त मात्र कमी, याचे एक कारण येथे सापडते. सर्वांनी एकत्र जेवावयास बसणे हा आहारशास्त्राचाच नियम समजावा.

मग ताटात असावे काय? निम्मे ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी. उरलेल्यात बाजरी, ज्वारी वा नाचणीची भाकरी आणि मटकी, हुलगा, मूग यांची उसळ किंवा वरण. नारायणगाव-मंचरच्या बाजारांतून टोमॅटो, मेथी, कोथिंबीर मुंबईला जाते. पिकविणारीच्या ताटात ती पुरेशी येते काय, हे तपासून पाहावे. चोथायुक्त अन्नाने शौचास साफ होते व कुंथणे टळते. पाणी दिवसभरात थोडे थोडे, साधारण सहा ते आठ पेले प्यावे. उन्हात राबताना अधिक. फक्त निजण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी घ्यावे.

ज्यांना घाईचा त्रास आहे त्यांनी लघवीस जाण्याची वेळ बांधून घ्यावी. आरंभी तासातासाने जावे. जमू लागले की दर आठवड्याला त्यात पंधरा मिनिटांची भर घालीत अंतर तीन तासांवर न्यावे.

७. दोन तालुके, दोन परिस्थिती

वरील विवेचन सरसकट लागू करण्यात धोका आहे. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या पाण्याने या तालुक्यांचा पूर्वभाग बागायती झाला. तेथे व तालुक्याच्या गावांत वजनाचा प्रश्न आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी व इतर आदिवासींच्या वाड्या आहेत. भातलावणी, हिरडा गोळा करणे, डोक्यावरचे हंडे व चढउतार असे तेथील बायकांचे दिवस. तेथील कृश बाईलाही लघवीचा त्रास असू शकतो. पण तिचे कारण वजन नव्हे, तर पाठोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर विश्रांतीचा अभाव, ओझी आणि चुलीच्या धुराचा जुनाट खोकला ही होत. तिला ‘कमी खा’ असे सांगणे हा अन्याय ठरेल. तळस्नायूंचा व्यायाम दोघींना सारखाच. आहाराचा सल्ला मात्र पूर्वेला एक व पश्चिमेला दुसरा असला पाहिजे.

८. डॉक्टरांकडे केव्हा जावे

व्यायाम हा तपासणीला पर्याय नव्हे. लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप, अंग बाहेर येणे, बाळंतपणानंतर लघवी सतत ठिबकत राहणे, लघवी तुंबणे, पायांत एकाएकी आलेली कमजोरी, फार तहान लागून वारंवार लघवी होणे, यांपैकी काहीही असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी साधी असते. ‘डॉक्टरकडे गेले की पिशवी काढायला सांगतील’ या भीतीने काहीजणी जात नाहीत. लघवी सुटते एवढ्याच कारणासाठी गर्भाशय काढणे हा उपाय नव्हे. कोणी तसे सुचविल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा बाईला अधिकार आहे.

९. आपण काय करू शकतो

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण रस्ते दुरुस्त करतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात विद्यार्थिनींनी आशाताई व परिचारिका यांच्या मदतीने एका गावात असा वर्ग सुरू करून द्यावा, व पुढे बारा आठवडे बचत गटाने तो चालवावा. वजनकाटा, मोजपट्टी आणि एक वही एवढेच साहित्य लागेल. वहीत प्रत्येकीने आठवड्यातून किती वेळा त्रास झाला याच्या खुणा कराव्यात. नाव न घालता, केवळ क्रमांकाने. तीन महिन्यांनी खुणा कमी झाल्या की नाही हे तिचे तिलाच दिसेल.

विद्यार्थी बंधूंनाही यात काम आहे. बाजारात, स्थानकावर, शेताच्या बांधावर बायकांसाठी स्वच्छ व दार लागणारी मुतारी असावी ही मागणी ग्रामसभेत मांडण्यास पुरुषाने लाजण्याचे कारण नाही. घरी तर आणखी सोपे काम आहे. पाण्याचा हंडा आपण उचलावा, जेवायला आईला बरोबर बसवावे, आणि ती प्रवासाला नको म्हणाली तर ‘थकली’ असे म्हणून विषय सोडू नये. मुलींनी आईला, मावशीला, आत्याला एकांतात एकदा विचारून पाहावे. या दुखण्यावर उपाय आहे एवढे कळले, तरी पुष्कळजणींना अर्धा धीर येईल. उरलेला शेजारी बसून व्यायाम करणारी दुसरी बाई देईल.